हॅरोच्या गॅरेजात सेव्हन आणावी का, आणि आणली तर किती पैसे मोजावेत?

हॅरोहून एका वाचकाचं लांबलचक पत्र आलंय. मूळचा कोथरूडचा, लंडनला आयटीत नोकरी, घर झालं, घराला गॅरेज आहे आणि कॉलेजात असल्यापासून डोक्यात एकच गाडी बसलीय, ती दोन सीटवाली, छप्पर नसलेली, बाहेर काढलेल्या हेडलाइटची, लोटस सेव्हनच्या घराण्यातली. आता त्याच्यासमोर दोन गाड्या आहेत. एक केटरहॅम, म्हणजे सेव्हन आजही बनवणाऱ्या कंपनीची, १.६ के-सीरीज इंजिन, नंबर '५१' चा, पहिल्या मालकाने किट आणून घरी बांधलेली, साडेसोळा हजार पौंड सांगतायत. दुसरी दिसायला साधारण तशीच, कुणीतरी स्वतः चासी वेल्ड करून जुन्या फोर्ड सिएराच्या पार्टवर बांधलेली, क्यू अक्षराची नंबरप्लेट, साडेसहा हजार. बायको म्हणते हे धोकादायक खूळ आहे, इथले एक मामा म्हणतात किट म्हणजे डुप्लिकेट माल, आठ वर्षांच्या मुलीला मात्र बाबाशेजारी बसायचंय, आणि चार वर्षांनी पुण्याला परतताना गाडी सोबत नेता येईल का हेही विचारलंय. 'दादा, अरेतुरे केलंत तरी चालेल' असं लिहिलंयस म्हणून तसंच लिहितो.

आधी मामांचा मुद्दा, कारण तो तुझ्या मनात घर करून बसलाय असं दिसतं. किट म्हणजे डुप्लिकेट अजिबात नाही. कॉलिन चॅपमनच्या लोटसने १९५७ मध्ये सेव्हन आणली तेव्हा ब्रिटनमध्ये नव्या तयार गाडीवर परचेस टॅक्स होता आणि सुट्या भागांच्या किटवर तो नव्हता, म्हणून हौशी माणसाला परवडावी यासाठी गाडी खोक्यांतून विकायची पद्धत पडली. तेव्हाची एक गोष्ट इथले जुने लोक अजून सांगतात, की किटसोबत जोडणीच्या सूचना देता यायच्या नाहीत म्हणून लोटसने गाडी 'खोलायची कशी' याचं माहितीपत्रक दिलं आणि लोकांनी ते उलटं वाचून गाड्या जोडल्या. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि तो फायदा गेला, त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क ग्रॅहम नर्नच्या केटरहॅम कार्सला दिले, आणि तरीही केटरहॅम आजपर्यंत किट विकते कारण लोकांना स्वतःच्या हाताने बांधायचीच असते. त्यामुळे घरी बांधलेली केटरहॅम ही शंभर टक्के केटरहॅमच. प्रश्न बांधणारा कसा होता एवढाच, आणि तो त्याने ठेवलेल्या कागदांवरून कळतो.

आता तू जे विचारलंच नाहीस ते सांगतो, कारण बाकी सगळ्याच्या आधी हे बघायला हवं. तू हॅरोला राहतोस. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनचे सगळे बरो यूलेझमध्ये, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांकडून दिवसाचे पैसे घेणाऱ्या भागात आलेत, पेट्रोल गाडीला युरो ४ हे उत्सर्जनाचं मानक लागतं, नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड, रविवारीसुद्धा, फक्त ख्रिसमसचा दिवस सोडून. २००१ ची के-सीरीज यात बसत नसण्याचीच शक्यता जास्त. गॅरेजमध्ये उभी असेल तर काही नाही, पण रस्त्यावर आली की त्या दिवसाचे पैसे लागले, म्हणजे वर्षात चाळीस दिवस काढलीस तर पाचशे पौंड नुसते घराच्या गल्लीतून बाहेर पडायचे. किट गाड्यांच्या लॉगबुकात उत्सर्जनाचे रकाने बऱ्याचदा रिकामे असतात त्यामुळे वर्षावरून अंदाज बांधू नकोस, ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या चेकरवर दोन्ही गाड्यांचे नंबर टाकून बघ, आजच बघ. ऐतिहासिक गाड्यांची सूट चाळीस वर्षांपुढच्यांना आहे, तिथपर्यंत या केटरहॅमला अजून बराच काळ आहे. नाही बसली तर गाडी सोडून दे असं मी म्हणत नाही, पण तुझ्यासाठी तिची किंमत लंडनबाहेर केंटमधल्या एखाद्या माणसापेक्षा कमी आहे आणि भाव करताना हे तू विसरायचं नाहीस.

बरं, आता मुख्य गोष्ट. नेहमीच्या गाडीत आपण वर्ष, मॉडेल, किलोमीटर बघतो आणि भाव ठरतो. या गाड्यांत तसं होत नाही, इथे तू दोन गोष्टी विकत घेतोस, चासी आणि कागद, बाकी सगळं म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, रंग, सीट, सगळं बदलता येतं आणि गेल्या वीस-बावीस वर्षांत ते बदललेलंही असतं. म्हणून हॉर्सपॉवरच्या आकड्यांत वाहून जाऊ नकोस. जाहिरातीत तेच सगळ्यात मोठ्या अक्षरात असतं आणि किमतीशी त्याचा संबंध तुला वाटतो त्याहून बराच कमी आहे.

कागदांपासून सुरू करू. व्ही५सी म्हणजे लॉगबुक, त्यावर जो आहे तो रजिस्टर्ड कीपर, मालकीचा तो पुरावा नाही हे त्यावरच लिहिलेलं असतं, म्हणून आधीच्या मालकाची पावती मागायची. '५१' म्हणजे सप्टेंबर २००१ ते फेब्रुवारी २००२ मधली नोंदणी, पण किट कदाचित १९९९ ला विकत घेतलं असेल आणि दोन वर्षं गॅरेजात बांधत बसले असतील, तसं असेल तर पार्टची वर्षं वेगळी निघतील. यात फसवणूक नाही, फक्त माहीत असावं. लॉगबुकातल्या स्पेशल नोट्स नीट वाच. सगळे पार्ट नवे होते असं सिद्ध करून नोंदवलेली गाडी असेल तर पहिल्या नोंदणीला नवी होती असा उल्लेख असतो, आणि जुने पार्ट वापरले असतील तर काही किंवा सर्व भाग नवे नव्हते अशी ओळ असते. दुसरी ओळ असेल तर किंमत खाली. त्यावेळी अशा गाड्यांना रस्त्यावर आणण्याआधी एसव्हीए, म्हणजे त्या एका गाडीची सरकारी तपासणी होती, १९९८ ला सुरू झाली आणि २००९ मध्ये तिच्या जागी आयव्हीए आली, पास झालेल्या गाडीला मिनिस्टर्स अप्रूव्हल सर्टिफिकेट मिळायचं, त्याची कॉपी जपून ठेवणारा मालक हा चांगल्या लक्षणाचा. किटचं मूळ बिल, बांधतानाचे फोटो, जुन्या एमओटी म्हणजे वार्षिक तपासणीची सर्टिफिकेटं, हे सगळं एका फायलीत असेल तर त्या फायलीला मी स्वतः हजार-दीड हजार पौंड जास्त द्यायला तयार होईन. इंजिन नंबर लॉगबुकशी जुळतोय का आणि चासी नंबर चासीवर प्रत्यक्ष ठोकलेला आहे का हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोवर नाही.

क्यू प्लेटबद्दल तुझा समज थोडा चुकीचा आहे. क्यू म्हणजे चोरीची किंवा बेकायदा गाडी नाही. डीव्हीएलएला, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी खात्याला, गाडीचं वय किंवा ओळख ठरवता येत नाही, पार्ट चार ठिकाणचे आहेत, तेव्हा ती क्यू देते. एकाच जुन्या गाडीचे दोन मोठे भाग आणि नामांकित किटवाल्याची नवी चासी असं कागदोपत्री दाखवता आलं असतं तर जुन्या गाडीच्या वयाचा नंबर मिळाला असता, आणि सगळं नवं, फार तर एखादा भाग नव्यासारखा करून घेतलेला असं दाखवता आलं असतं तर चालू वर्षाचा. या माणसाने चासी घरी वेल्ड केलेली, त्यामुळे तो दरवाजा बंदच होता. क्यू नंबर काढून त्यावर हौसेचा नंबर लावता येत नाही, काही इन्शुरन्सवाले हातच लावत नाहीत, आणि तू विकायला काढशील तेव्हा दहातले बरेच फोन 'क्यू आहे' ऐकून बंद होतील. गाडी म्हणून ती वाईटच असेल असं नाही, घरी वेल्ड केलेल्या काही चासी फॅक्टरीपेक्षा सुबक असतात. पण तुला वेल्डिंग कळत नाही असं तूच लिहिलंयस, आणि ज्याला वेल्ड वाचता येत नाही त्याने अनोळखी माणसाच्या वेल्डवर मुलीला बसवू नये. माझं मत स्पष्ट आहे, दुसरी गाडी सोड. दहा हजार वाचतायत म्हणून मोह होतोय हे समजतं, पण चार वर्षांनी विकताना केटरहॅमचे बरेचसे पैसे परत येतात, या गाड्या वर्षानुवर्षं भाव धरून असतात, आणि क्यूवाली नक्की कितीला जाईल हे कुणीच सांगू शकत नाही.

चासी बघायला गेलास की अंथरायला एक चटई आणि चांगली टॉर्च घेऊन जा आणि लाज न बाळगता खाली झोप. आत बारीक स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर पावडर कोट, आणि त्यावर रिव्हेटने ठोकलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, अशी ही रचना. स्टील आणि ॲल्युमिनियम एकत्र आले, मध्ये मिठाचं पाणी गेलं, की गंज आतून धरतो, आणि इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ मारतात हे तुला माहीतच आहे. पावडर कोट वरून छान दिसतो पण खाली फुगलेला असतो, तो नखाने टोकरून बघ, खासकरून खालच्या नळ्या, पाय ठेवतो तिथलं कोपऱ्यातलं, सीटच्या मागचं. पुढच्या सस्पेन्शनजवळच्या बाजूच्या पत्र्याला लाटा पडल्यासारख्या दिसल्या तर समज की चासीला धक्का बसलाय. नाक आणि मडगार्ड फायबरचे असतात, ते तडकतात, बदलतात, त्याचं काही नाही, नळी वाकलेली असेल तर मात्र सरळ घरी ये. इथे अजून एक पक्कं लक्षात ठेव, हिस्टरी चेक कर, जरूर कर, कॅट सी आणि डी म्हणजे ऑक्टोबर २०१७ च्या आधीचे राइट-ऑफ, विमा कंपनीने अपघातानंतर मोडीत धरलेल्या गाड्या, आणि एस आणि एन म्हणजे नंतरचे, पण ट्रॅक डे ला, म्हणजे हौसेने रेसट्रॅकवर पळवताना, ठोकलेली गाडी त्यात दिसणारच नाही, कारण साध्या पॉलिसीत ट्रॅक नसतो, क्लेम होत नाही, माणूस स्वतः दुरुस्त करतो आणि विषय संपतो. त्यामुळे क्लीन रिपोर्ट म्हणजे गाडी क्लीन असं धरून चालू नकोस. म्हणूनच शे-दोनशे पौंड देऊन सेव्हनचंच काम करणाऱ्या माणसाकडून तपासून घे, सर्वसाधारण इन्स्पेक्शनवाल्याला यातलं फार कळत नाही.

के-सीरीज इंजिन हलकं आणि गोड आहे, पण हेड गॅस्केटसाठी बदनाम, आणि बदनामी उगाच नाही. ऑइल कॅपखाली पांढरट साय, कूलंट कमी होणं, हीटरचं पाणी गार गरम होणं, हे बघायचं. कॅमबेल्ट कधी बदलला ते किलोमीटरवर नाही, वर्षांवर विचार, कारण या गाड्या वर्षाला हजार-दोन हजार मैलच चालतात. हे इंजिन बनवणारी एमजी रोव्हर एप्रिल २००५ मध्ये बुडाली तरी पार्टची चणचण नाही, हेच इंजिन फ्रीलँडरसकट किती गाड्यांत होतं. मागच्या सस्पेन्शनमधल्या ए-फ्रेमचा बुश खाल्लेला असला तर गाडी मागून शेपूट हलवल्यासारखी चालते, तो स्वस्तात होतो, घाबरू नकोस. आणि टायर! पाच-साडेपाचशे किलोची गाडी, जुनी मारुती ८०० सुद्धा हिच्यापेक्षा जड, त्यामुळे टायर झिजतच नाहीत, खाचा नव्यासारख्या दिसतात आणि रबर दगड झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१२ असेल तर २०१२ चा तेविसावा आठवडा, तसे निघाले तर चारही टायरचे पैसे किमतीतून वजा करायचे, त्यात चर्चा नको.

आता साडेसोळा. जाहिरातीतल्या किमती बघून ठरवू नकोस, त्या मागितलेल्या असतात, मिळालेल्या नाहीत. लिलावात प्रत्यक्ष काय भावाला गेल्या ते बघ आणि लोटस सेव्हन क्लबात लोकांना विचार, क्लबची माणसं मोकळेपणाने सांगतात. विकणारा तुला दोन गोष्टी मोजून दाखवेल, बांधायला किती तास गेले आणि वर किती हजारांचे अपग्रेड केले. तासांचे पैसे शून्य, केटरहॅम स्वतःच सांगते की साधारण शंभरेक तासांत किट होतं, आणि तो त्याचा आनंद होता, तो त्याने आधीच उपभोगलाय. अपग्रेडचे निम्मे धरले तरी खूप झाले, त्यातही लिमिटेड स्लिप डिफ, सहा स्पीडचा गिअरबॉक्स असल्या गोष्टींनाच भाव, कार्बनच्या शोभेच्या तुकड्यांना नाही. छत, साइडस्क्रीन, हीटर हे मात्र बघ, कमी मालकांकडे पूर्ण सेट असतो आणि नवीन घ्यायला गेलं की खर्च जाणवतो. फाइल पूर्ण, चासी सरळ, टायर ताजे, बेल्ट झालेला असेल तर साडेसोळा चुकीचे नाहीत. फाइल नसेल तर मी तेराच्या वर जाणार नाही. फॅक्टरीत बांधलेली असती तर थोडी जास्त मागितली असती, पण इतक्या वर्षांनी तो फरक पुसट होतो, कागदाचा फरक मात्र राहतोच.

वहिनींचं म्हणणं खूळ म्हणून सोडून देऊ नकोस रे. या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि ट्रकवाल्याच्या आरशात तू दिसतच नाहीस इतकी ती बुटकी आहे. त्यांना हे तू स्वतः सांग, लपवून नको, आणि पाऊस असताना, अंधारात, मोटरवेवर काढणार नाही असं दोघांनी ठरवा. रोल बार नीट आहे का, कुठला आहे, हे बघून घे. मुलीचा प्रश्न तर कायद्याचाच आहे, बारा वर्षं किंवा १३५ सेंटीमीटर, यातलं जे आधी होईल तोपर्यंत तिला चाइल्ड सीट किंवा बूस्टर लागणार, आणि बूस्टरला नेहमीचा तीन पॉइंटचा पट्टा लागतो. बऱ्याच सेव्हनमध्ये मालकांनी चार पॉइंटचे रेसिंग हार्नेस बसवलेले असतात, त्यावर बूस्टर चालत नाही. मूळचे पट्टे बसवता येतील का हे गाडी घेण्याआधी विचार, आणि नसतील बसत तर तिला समजावून सांग की उंची वाढली की बसायचं. ती रुसेल, पण यात मागेपुढे करू नकोस.

पुण्याचं स्वप्न मात्र मी इथेच थांबवतो, वाईट वाटलं तरी. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली लागते, २००१ ची गाडी त्यात कुठेच बसत नाही, मग राइट हँड ड्राइव्ह असून उपयोग नाही, आणि नवीन किट नेलं तरी ड्युटी आणि टॅक्स मिळून भलताच खर्च होतो. वर तिकडे जाऊन जोडलीस तरी आपल्याकडे हौशी बांधणाऱ्यासाठी आयव्हीएसारखी वेगळी टेस्टच नाही, मॉडेलची टाइप अप्रूव्हल घ्यावी लागते, जी पुण्यातच एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था करते पण ती कंपन्यांसाठी, एका माणसाच्या एका गाडीसाठी नाही. कार्ने, म्हणजे ड्युटी न भरता तात्पुरती गाडी नेण्याचा कागद, काढून नेता येते, मुदतीत परत आणावी लागते, म्हणजे ती सहल झाली, राहणं नाही. तेव्हा ही चार वर्षांची गाडी आहे असं धरूनच घे, इथले रस्ते, इथला क्लब, वेल्सची एखादी चक्कर, आणि जाताना इथेच विक. वसंतात विक, ऊन पडलं की गिऱ्हाईक येतं, नोव्हेंबरात कुणी फिरकत नाही. आणि त्याच कारणाने घ्यायची असेल तर हिवाळ्यात घे.

घेतलीस तर इन्शुरन्स ॲग्रीड व्हॅल्यूचाच, म्हणजे गाडीची किंमत आधीच ठरवून घेतलेला, साधा मार्केट व्हॅल्यूचा नको, कारण क्लेमच्या वेळी असेसर फोनवर काय आकडा काढेल सांगता येत नाही. फोटो, बिलं आणि क्लबचं व्हॅल्यूएशन लेटर मिळालं तर ते जोड, दर वर्षी आकडा तपासून घे. जे जे बदललंय ते सगळं सांग, एक्झॉस्टसुद्धा. ट्रॅकला न्यायची असेल तर वेगळं कव्हर. हिवाळ्यात सॉर्न टाक, म्हणजे गाडी रस्त्यावर नाही असं डीव्हीएलएला कळव, रोड टॅक्सच्या उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मिळतात, बॅटरीला ट्रिकल चार्जर लावून ठेव आणि गॅरेजात ओल असेल तर आधी तिचा बंदोबस्त कर, चासीचा शत्रू तोच.

शनिवारी बघायला जाणार म्हणालास. आदल्या दिवशी मेसेज करून ठेव की इंजिन आधी चालू करून ठेवू नका, मला गार असताना सुरू करून बघायचंय. पोचलास की आधी बोनेटला हात लाव. गरम असेल तर हसून चहा घे, दोन तास थांब, आणि मग सुरू करायला सांग. थांबू द्यायला तो तयार नसेल तर साडेसोळाचं बोलणं तिथेच संपव.